आधी डोंगर की आधी जंगल?

महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न सहसा पडत नाही, कारण त्याचं उत्तर ऋतूंनीच देऊन ठेवलेलं असतं. डोंगर पावसाळ्यात आणि थंडीत, जंगल उन्हाळ्यात. ताडोब्यात वाघ बघायचा तर एप्रिल-मे, झाडोरा विरळ झालेला, पाणी मोजक्या पाणवठ्यांवर उरलेलं. जुलै लागला की गाभा क्षेत्र तीन महिने बंद. उलट मे महिन्यातल्या दुपारी कळसूबाईच्या शिड्यांना हात लावायला कोणी धजावत नाही. दोन्ही एकाच सुट्टीत बसवायची वेळच येत नाही, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय याचा विचारही कोणी करत नाही.

पूर्व आफ्रिकेत मात्र दोन्ही एकाच महिन्यात आणि एकमेकांच्या शेजारी येतात. उत्तर टांझानियातलं मोशी गाव किलिमांजारोच्या पायथ्याशी आहे आणि तिथून तारांगिरे, मान्यारा, न्गोरोंगोरो, सेरेंगेटी ही अभयारण्यं मोटारीच्या टप्प्यात आहेत. डोंगराचा आणि जनावरांचा हंगाम जवळपास एकच: जून ते ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारी. मुंबईहून नैरोबी विमानाने सुमारे सहा तास. आपल्याकडचे ट्रेकर आता मोठ्या संख्येने किलिमांजारोला जातात, आणि एवढं तिकीट काढलंच आहे तर सिंहही बघून येऊ, असं बहुतेकांच्या मनात असतं. रजा दोन आठवड्यांची. मग प्रश्न उभा राहतो.

या प्रश्नावर जो सल्ला सगळीकडे वाचायला मिळतो, तो लंडनहून किंवा न्यूयॉर्कहून निघालेल्या माणसासाठी लिहिलेला असतो. सफारी आधी करा, म्हणजे घड्याळ जुळेल, उंचीची थोडी सवय होईल आणि प्रवासाचा शीण निघून जाईल, अशी त्यातली तीन कारणं. ही कारणं मुंबईतल्या भायखळ्याहून निघालेल्या माणसाला लावून बघावीत म्हणून हे प्रकरण.

घड्याळाचं कारण आपल्यापुरतं लगेच निकालात निघतं. टांझानियाचं घड्याळ आपल्या मागे फक्त अडीच तास आहे. भायखळा स्टेशनवर सकाळचे साडेआठ वाजतात तेव्हा मोशीत सहा वाजलेले असतात. तिकडे पोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस पहाटे लवकर जाग येईल, एवढाच फरक, आणि पहाटे लवकर उठणं डोंगरालाही हवं असतं, जंगलालाही. न्यूयॉर्कहून येणाऱ्याचं शरीर सात-आठ तासांच्या फरकाशी झगडत असतं. त्याला गाडीत बसून काढलेले चार दिवस खरोखर उपयोगी पडत असतील. आपल्याला त्यांची गरज नाही.

उंचीचं कारण जास्त बारकाईने बघायला हवं, कारण ते ऐकायला पटण्यासारखं आहे आणि त्यावर विसंबून माणसं आजारी पडतात.

भायखळा समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर वर आहे. अठराव्या शतकात वरळीचा बांध घातला जाईपर्यंत भरतीचं पाणी भायखळ्याच्या सखल भागापर्यंत येत असे, आणि आजही मोठी भरती व मुसळधार पाऊस एका वेळी आला की इथले रस्ते तुंबतात. इतक्या खालच्या जागी वाढलेल्या शरीराला हवेचा पूर्ण दाब अंगवळणी पडलेला असतो. किलिमांजारोच्या माथ्यावर, ५,८९५ मीटरवर, हा दाब निम्म्याच्या आसपास येतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवाच निम्मी असल्याने प्रत्येक श्वासामागे मिळणारा ऑक्सिजनही निम्माच.

शरीर यावर पहिला उपाय करतं तो श्वास वाढवण्याचा. पण श्वास वाढला की कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, रक्त अल्कधर्मी होऊ लागतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. ही ओढाताण रात्री तंबूत दिसते. झोपलेला माणूस काही खोल श्वास घेतो, मग कित्येक सेकंद श्वास थांबतो, मग दचकल्यासारखा पुन्हा सुरू होतो. शेजारी झोपलेल्याला हे माहीत नसेल तर तो घाबरून उठतो. शेवटी ही ओढाताण मूत्रपिंडं सोडवतात. रक्तातलं जादा बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकलं जातं, आणि मग मेंदू जास्त श्वास घेऊ देतो. उंचीवर वारंवार लघवीला जावं लागणं हे त्यामुळे शरीर कामाला लागल्याचं लक्षण आहे. डायमॉक्स या नावाने मिळणारी अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी नेमकं हेच काम लवकर करून घेते. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते त्यांना आधी सांगायचं. तांबड्या पेशी वाढण्याची जी गोष्ट आपण शाळेत शिकलो ती खरी आहे, पण त्याला आठवडे लागतात. सात दिवसांच्या चढाईत त्या पेशींचा भरवसा धरता येत नाही.

हे सगळं साधारण २,५०० मीटरच्या वर गेल्यावर जोर धरतं. आता सफारीतल्या जागांची उंची बघा. मान्यारा सरोवर १,००० मीटरच्या आसपास, तारांगिरे १,१०० च्या आसपास, सेरेंगेटीतलं सेरोनेरा १,५०० च्या आसपास. न्गोरोंगोरोच्या ज्वालामुखी विवराचा काठ तेवढा २,३०० मीटरपर्यंत जातो, पण तिथे बहुतेक जण एकच रात्र राहतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी विवरात सुमारे १,८०० मीटरवर उतरते. सेरेंगेटीत चार रात्री काढून उंचीची सवय होत असती, तर महाबळेश्वरला राहून लडाखची तयारी झाली असती. या जागा सुंदर आहेत, पण मूत्रपिंडांना काम सुरू करायला भाग पाडण्याइतक्या त्या उंच नाहीत.

उंचीची खरी सवय होते ती डोंगरावर घालवलेल्या जादा दिवसाने. डॉक्टर मंडळींचा नियम असा की ३,००० मीटरच्या वर रोज झोपण्याची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. किलिमांजारोवर हा नियम कोणत्याच लोकप्रिय वाटेवर पूर्ण पाळला जात नाही. माचामे वाटेने पहिली रात्र २,८०० ते ३,००० मीटरच्या दरम्यान होते आणि दुसरी शिरा पठारावर ३,८०० च्या पुढे. तिसऱ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत, सुमारे ४,६०० मीटर, चढायचं आणि बारांकोला चार हजाराच्या आत उतरून झोपायचं. उंच चढा, खाली झोपा, ही पद्धत या वाटेवर चांगली जमते, म्हणूनच ती मरांगूच्या पाच दिवसांच्या वाटेपेक्षा बरी. तरीही सहा दिवसांपेक्षा सात बरे, आणि लेमोशो वाटेचे आठ त्याहून बरे. पैसे किंवा रजा कमी पडत असेल तर माझं स्पष्ट मत आहे: सफारीचा एक दिवस कापा आणि तो डोंगराला द्या. सिंह चार दिवसांतही दिसतात आणि तीन दिवसांतही.

सह्याद्रीने आपल्याला काय दिलं आहे आणि काय दिलेलं नाही, हेही इथे समजून घ्यायला हवं. भायखळ्याहून कसारा लोकल पकडायची, पुढे जीपने बारी गाठायचं आणि कळसूबाई चढून उतरायचं, ही आपल्याकडच्या तयारीची सर्वमान्य रीत. ती चांगलीच आहे. पण कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे आणि किलिमांजारोचं मरांगू प्रवेशद्वार त्याहून उंच, साधारण १,८५० मीटरवर. महाराष्ट्रातली सर्वांत उंच जागा जिथे संपते, त्याच्या वर कुठेतरी त्या डोंगराचं तिकीटघर लागतं. सह्याद्री पाय तयार करतो, गुडघे तयार करतो, पावसात आठ-नऊ तास चालायची चिकाटी देतो. विरळ हवेची तालीम मात्र त्याच्याकडे नाही. तंदुरुस्त तरुण मुलंच उंचीवर जास्त आजारी पडताना दिसतात, ती याच कारणाने. पाय दमत नाहीत म्हणून ती झपाझप चढतात, आणि शरीराला हवा तेवढा वेळ मिळत नाही. तिथले वाटाडे सारखे ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, म्हणत राहतात. त्यांचं ऐकावं.

तालमीतला एक भाग आपल्याकडे दुर्लक्षिला जातो, तो उतरण्याचा. गिरण्यांच्या आणि चाळींच्या जागी भायखळा-लालबागमध्ये जे उंच टॉवर उभे राहिले आहेत, त्यांचे जिने चढून सराव करणारे बरेच जण आहेत. पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची सॅक, वीस-पंचवीस मजले वर, आणि मग लिफ्टने खाली. लिफ्ट सोडा आणि उतराही. त्याचं कारण शिखराच्या दिवशी कळतं.

शिखराची रात्र बाराच्या सुमारास सुरू होते. बाराफू तळ सुमारे ४,६५० मीटरवर आहे. तिथून क्रेटरच्या कडेवरच्या स्टेला पॉइंटपर्यंत सहा तासांच्या आसपास नुसती घसरडी रेती. एक पाऊल टाकायचं, अर्धं मागे सरकायचं. बाटलीतलं पाणी गोठू नये म्हणून ती जॅकेटच्या आत धरायची, कारण थंडी शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज जाते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, जे भायखळ्यात ९८ दाखवतं, ते इथे ८० च्या घरात किंवा त्याहूनही खाली जातं. सूर्य उगवतो तेव्हा माणूस कडेवर पोचलेला असतो आणि अजून पाऊण तास ते तासभर चालणं बाकी असतं. माथ्यावर फोटो झाला की त्याच दिवशी उतरणं सुरू होतं, म्वेका तळापर्यंत, सुमारे २,८०० मीटर खाली. एका दिवसात कळसूबाई तीनदा उतरण्याइतकं. मांड्यांचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात, आणि त्यांच्या तंतूंना बारीक इजा होते. हे दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. मोशीच्या हॉटेलात जिना उतरताना कठडा धरणारा, बाजूला वळून एकेक पायरी घेणारा माणूस दिसला की समजावं, काल डोंगर उतरलाय.

या अवस्थेत माणसाला काय हवं असतं? बसायला जागा, बघायला काहीतरी, वेळेवर जेवण. सफारीत नेमकं हेच मिळतं. छप्पर वर उघडणाऱ्या लँड क्रूझरमध्ये बसायचं, मधूनच उभं राहून बघायचं. अभयारण्यात ठरलेल्या जागा सोडून खाली उतरता येत नाही, त्यामुळे चालायचा प्रश्नच नाही. मध्ये मोशीत एक दिवस मोकळा ठेवावा, आणि मग पहिला मुक्काम लांबच्या सेरेंगेटीत न करता जवळच्या तारांगिरेत करावा. लांब बसून पोटऱ्यांत रक्त साकळू नये म्हणून बसल्या बसल्या पावलं हलवत राहावं, पाणी पीत राहावं. तारांगिरे हत्तींच्या कळपांसाठी आणि गोरखचिंचेच्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे. ही झाडं भायखळेकराला अगदी परकी वाटायला नकोत, कारण भायखळ्यातल्याच राणीच्या बागेत ती आहेत. १८६२ साली उघडलेल्या या बागेत फिरायला येणाऱ्यांचे पाय प्राण्यांच्या पिंजऱ्यांकडे वळतात आणि झाडं मागे राहतात. पण मुंबईत आफ्रिकेची खरी ओळख करून घ्यायची असेल, तर मी पाणघोड्याच्या आधी गोरखचिंचेकडे जाईन. फुगलेलं, राखी, हत्तीच्या कातड्यासारखं खोड. त्यात पाणी साठतं, आणि कोरड्या दिवसांत तारांगिरेचे हत्ती ते खोड सुळ्यांनी सोलून आतला ओला गाभा खातात. त्यामुळे तिथल्या खोडांवर हत्तीच्या उंचीपर्यंत खोल जखमा दिसतात. भायखळ्यातलं खोड मात्र गुळगुळीत आहे. आधी इथलं पाहून ठेवलं, तर तिथल्या जखमा डोळ्यांत भरतील.

उलट क्रम धरला तर सफारीत काय काय होतं, तेही बघू. धूळ इतकी असते की तिसऱ्या दिवशी घसा बसतो, आणि खोकला घेऊन विरळ हवेत जाणं वाईट. लॉजवर रोज मांडलेली पंगत असते, कच्ची कोशिंबीर, कापलेली फळं. पोट बिघडायला एकदाच चुकीचं खाणं पुरतं, आणि डोंगरावर बिघडलेलं पोट म्हणजे शरीरातलं पाणी जाणं. पाण्याबद्दल आणखी एक गोष्ट आहे, जी फारशी बोलली जात नाही. गाडीतून मनात येईल तिथे उतरता येत नाही, म्हणून पुष्कळ जण, विशेषतः बायका, सफारीच्या दिवसांत मुद्दाम कमी पाणी पितात. असे तीन-चार दिवस काढून दुसऱ्या सकाळी चढायला सुरुवात करणं धोक्याचं आहे. आणि सगळ्यांत मोठं नुकसान मनाचं. ज्याला चार दिवसांनी किलिमांजारो चढायचा आहे, तो सिंहिणीकडे बघत असतो तेव्हाही त्याचं अर्धं लक्ष आपल्या गुडघ्याकडे आणि हवामानाच्या अंदाजाकडे असतं.

मलेरियाचा मुद्दा मला या सगळ्यापेक्षा वजनदार वाटतो. मान्यारा किंवा तारांगिरेच्या सखल भागात डास चावला, तर फाल्सिपेरम मलेरियाचा ताप लवकरात लवकर साधारण सात दिवसांनी येतो, बहुधा नऊ ते चौदा दिवसांनी. सफारी आधी केली असेल तर हे दिवस नेमके डोंगरावर येतात. आणि मलेरियाची सुरुवातीची लक्षणं कोणती? डोकेदुखी, मळमळ, गळून जाणं, उलटी. उंचीच्या त्रासाची लक्षणं कोणती? हीच. तापाने फरक कळतो, पण ४,००० मीटरवरच्या तंबूत ताप नीट मोजून पाहण्याचं भान कितीजणांना राहतं? वाटाड्याला वाटतं उंची लागली, रुग्णालाही तसंच वाटतं, आणि मलेरियावरच्या उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. डोंगर आधी केला तर हा गोंधळ सहसा होत नाही. प्रतिबंधक गोळ्या मात्र दोन्ही क्रमांत घ्याव्या लागतात, कारण मोशी गाव सुमारे ९०० मीटरवर आहे आणि डास तिथेही आहेत. गोळ्या घरी परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, औषधाप्रमाणे आठवडाभर किंवा चार आठवडे. त्या मध्येच सोडून देणारे खूप असतात.

क्रमाच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि ते डोंगर चढण्याच्या इतिहासातूनच मिळतं. हान्स मायर या जर्मन भूगोलतज्ज्ञाने १८८७ साली किलिमांजारो चढायचा पहिला प्रयत्न केला तेव्हा बर्फाच्या भिंतीपाशी त्याला परतावं लागलं. बर्फावर चढायचं सामान त्याच्याकडे नव्हतं. १८८९ साली तो लुडविग पुर्टशेलर या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाला घेऊन आला, आणि या वेळी त्याने व्यवस्था वेगळी लावली. वरच्या तळांवर अन्न पोचतं ठेवायची सोय केली, म्हणजे एक प्रयत्न फसला तर पायथ्यापर्यंत न उतरता दुसरा करता यावा. ३ ऑक्टोबरला ते क्रेटरच्या कडेपर्यंत पोचले, पण दमून आणि उशीर होऊन परतले. ६ ऑक्टोबरला माथ्यावर गेले. मायरच्या यशात दोरीइतकाच हातभार त्या सवडीचाही होता. आपल्या दोन आठवड्यांच्या सहलीत दुसऱ्या प्रयत्नाची सोय नसते, पण सवड तरी ठेवता येते. मोशीत पोचल्यावर डोंगराआधी दोन रात्री हव्यात. विमानात सामान मागे राहिलं तर ते यायला वेळ मिळतो, पोट बिघडलं तर सावरतं, प्रवासाचा शीणही तिथेच निघून जातो. आणि मागे सफारी असली की एखादा दिवस इकडेतिकडे झाला तरी गाडीवाल्याशी बोलून निभावतं. मागे परतीचं विमान असेल तर निभावत नाही. ताणता येणारी गोष्ट मागे ठेवावी आणि न ताणता येणारी पुढे.

चंद्राचा हिशेबही यात येतो. शिखराची रात्र पौर्णिमेच्या आसपास धरली, तर मध्यरात्री चंद्र डोक्यावर असतो आणि रेतीतली वाट दिव्याशिवाय दिसते. बरेच गट तारखा अशाच ठरवतात. मग डोंगर आधी ठेवला की सफारी कृष्ण पक्षात येते, आणि तेव्हा थोडी सावधगिरी हवी. क्रेग पॅकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या सिंहांवरचं संशोधन २०११ साली प्रसिद्ध केलं. उजेडाच्या रात्री सिंहांना शिकार कमी साधते, असं त्यांना दिसलं. दक्षिण टांझानियात माणसांवर झालेले हल्लेही पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, संध्याकाळच्या अंधारात वाढतात, असं त्यांनी दाखवलं. पर्यटकाने त्यातून एवढंच घ्यावं, की तंबूच्या मुक्कामी अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय दहा पावलंही जाऊ नये.

महिना निवडताना आपल्याला आपलं पंचांग आड येतं. मुलांची सुट्टी मे महिन्यात, आणि मार्च ते मे हा तिकडचा मोठ्या पावसाचा काळ. दिवाळीची सुट्टी नोव्हेंबरकडे सरकली तर तिकडचा छोटा पाऊस लागतो. सर्वांत चांगले महिने जुलै ते सप्टेंबर, पण ते भायखळा-लालबाग-चिंचपोकळीच्या मंडळात काम करणाऱ्या माणसाला सांगून बघा. गोविंदा पथकांचा सराव गुरुपौर्णिमेला सुरू होतो, दहीहंडी झाली की गणपतीचे मंडप, आणि डोंगर चढणारी तगडी पोरं नेमकी याच मंडळांमध्ये असतात. गणपती सोडून आफ्रिकेला जा असं मी त्यांना म्हणणार नाही. त्यांच्यासाठी जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी. दिवाळीनंतर सह्याद्री तालमीसाठी उत्तम असतो, तिकडे हवा कोरडी असते, आणि दक्षिण सेरेंगेटीत, न्डुटूच्या बाजूला, त्याच सुमारास विल्डबीस्टच्या माद्या वितात. काही आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात, आणि त्यांच्यामागे तरस, चित्ते, सिंह. नदी ओलांडणाऱ्या कळपांच्या फोटोंना जास्त मान मिळतो, ते दृश्य जुलैनंतर उत्तरेला दिसतं. मला स्वतःला वासरांचा हंगाम अधिक मोलाचा वाटतो, कारण तिथे जन्मल्यापासून काही मिनिटांत पायांवर उभं राहणारं वासरू बघायला मिळतं.

आता ज्यांनी उलटं करावं अशांबद्दल. घरातले आई-वडील किंवा मुलं फक्त सफारीला येणार असतील, तर बहुतेक कुटुंबं सगळे मिळून आधी सफारी करतात, मग बाकीचे परत जातात आणि चढणारा मागे राहतो. सोय म्हणून हे ठीक आहे. पण तिकिटं काढायच्या आधी याचा उलट विचार करून बघावा: चढणाऱ्याने आठ-नऊ दिवस आधी जावं आणि घरच्यांनी तो उतरायच्या दिवशी पोचावं. साठीच्या पुढच्या माणसांना एकट्याने विमान बदलणं जड जात असेल, तर मात्र सफारी आधीच बरी, आणि मग डोंगराआधी मोशीत दोन रात्री विश्रांतीच्या ठेवाव्यात.

ज्याच्याकडे जास्त रजा आहे त्याने आधी डोंगर की आधी जंगल हा प्रश्नच बाजूला ठेवून माउंट मेरू चढावा. अरुशा राष्ट्रीय उद्यानातला ४,५६६ मीटरचा हा ज्वालामुखी किलिमांजारोच्या शेजारीच आहे. चढाई तीन-चार दिवसांची, आणि सुरुवातीची वाट जिराफ आणि रानरेड्यांच्या कुरणातून जाते, म्हणून बंदूकधारी रेंजर बरोबर घ्यावाच लागतो. मिरियाकांबाच्या झोपडीत २,५०० मीटरवर पहिली रात्र, सॅडल झोपडीत साडेतीन हजारावर दुसरी. इथे मूत्रपिंडं खरोखर कामाला लागतात. मेरू उतरल्यावर एक दिवस थांबून लगेच किलिमांजारो धरावा. मध्ये सेरेंगेटीत आठवडा घालवला तर मिळवलेली सवय ओसरायला लागते. लेह-लडाखहून परतून महिन्याने किलिमांजारोला जाणाऱ्यांनीही याच कारणाने जुन्या सवयीवर विसंबू नये.

सामानाचं थोडक्यात: हमालाच्या डोक्यावर वीस किलोपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही हा उद्यानाचा नियम आहे, त्यामुळे तुमची पिशवी पंधरा किलोच्या आत बसवा, आणि सफारीचे कपडे मोशीच्या हॉटेलात ठेवून द्या. मेतकूट, लिंबाचं लोणचं, खाखरे घ्या. वर गेल्यावर भूक मरते, आणि तोंडाला ओळखीची चव असली तर चार घास जास्त जातात. टांझानियात १ जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कपडे पिशव्यांत गुंडाळून बॅग भरायची सवय मुंबईतच सोडा.

पिवळ्या तापाची लस क्रमापेक्षाही आधी ठरवायची गोष्ट आहे. ती कोपऱ्यावरच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, आणि दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. एकदा घेतली की जन्मभर चालते. साठी ओलांडलेल्यांनी डॉक्टरांशी बोलूनच घ्यावी. केनियासारख्या देशातून दाखल्याशिवाय परतणाऱ्याला भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. मुंबईहून जाणारे पुष्कळ जण नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे जातात, त्यामुळे दाखला जवळ असलेला बरा. लशीला कंटाळणाऱ्या भायखळेकराने आपल्याच वस्तीचा इतिहास आठवावा. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस इथेच, ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी ती स्वेच्छेने घेतली.

परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर तो पावसाळ्यातला ताप समजून घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका. मुंबईत मलेरिया बहुतांशी व्हायव्हॅक्स जातीचा असतो, आफ्रिकेतला फाल्सिपेरम त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त घातक, आणि उपचाराला दोन दिवस उशीर झाला तरी जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांसमोर बसताच ताप किती आहे ते सांगण्याच्या आधी सांगा की आपण टांझानियाला जाऊन आलो आहोत, कोणत्या तारखेला परतलो आणि प्रतिबंधक गोळ्या पूर्ण घेतल्या की नाही. रक्ताची तपासणी त्याच दिवशी करून घ्या, आणि पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी ताप असेपर्यंत ती पुन्हा करायला सांगा.